सहा चिमण्यांच्या बदल्यात

मार्च लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन गोष्टी न चुकता येतात. पहिली म्हणजे मुलांच्या परीक्षा आहेत, तेव्हा क्लबहाउसमधला आवाज कमी ठेवा, ही सूचना. दुसरी म्हणजे खास मला विचारलेला प्रश्न. कोणीतरी आई किंवा बाप लिहितो, 'परीक्षा झाल्यावर मुलाला तो मॉन्स्टर पकडायचा गेम कबूल केलाय. कुठल्या जनरेशनपासून सुरुवात करावी?' मी या विषयातला जाणकार समजला जातो. सदतीस वर्षांच्या माणसाला याहून बरी ओळख कमावता आली असती, पण मिळालेली मी सोडत नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हातात मावेल असं एक यंत्र असतं, त्यात कॅसेट घालायची. पडद्यावरच्या गवतात फिरायचं, तिथले राक्षस पकडायचे, त्यांना आपल्या आवडीची नावं द्यायची, लढवून लढवून मोठं करायचं. दर काही वर्षांनी नवा देश आणि नवे राक्षस घेऊन नवी कॅसेट येते. तिला जनरेशन म्हणतात. अशा आठ-नऊ पिढ्या आतापर्यंत झाल्या, आणि प्रत्येक पिढीच्या भक्तांचा अपमान कसा करायचा हे मला तोंडपाठ आहे. पहिली पिढी ज्यांना आवडते त्यांना खेळ आवडत नाही, आपलं बालपण आवडतं. चौथी इतकी संथ आहे की एक लढाई संपेपर्यंत चहा उकळून खाली येतो. पाचवीला आपल्या आईबापांची लाज वाटते, जुना एकही राक्षस ती शेवटापर्यंत दाखवत नाही. सहावीपासून पुढे तर लाडच लाड, मूल हरणारच नाही अशी चोख व्यवस्था. लोक हे वाचून हसणाऱ्या बाहुल्या पाठवतात आणि शेवटी विचारतात, मग घ्यायची कुठली? मी लिहितो, दुसरी. दुसरीत खरं घड्याळ चालतं. बाहेर संध्याकाळ झाली की पडद्यावरही संध्याकाळ होते. दुसऱ्या पिढीला तोड नाही.

तिसरीबद्दल मी काही लिहीत नाही. कोणी विचारलंच तर रंग छान आहेत म्हणतो.

तिसरी पिढी आमच्याकडे आली त्या वर्षी मी सातवीत होतो. आम्ही लालबागला चाळीत राहायचो आणि आमच्या वार्षिक परीक्षेचा वास मिरचीचा असायचा. इतर गावच्या मुलांना परीक्षा म्हटली की मोगरा आठवतो, आंब्याचा मोहर आठवतो. आम्हाला शिंका आठवतात. मार्च-एप्रिलमध्ये सगळी मुंबई वर्षाचा मसाला करायला आमच्या बाजूला लोटायची. डंखात, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रात, दिवसभर मिरची कुटली जायची आणि तिचा खकाणा गॅलरीत, जिन्यात, भूगोलाच्या पुस्तकात जाऊन बसायचा. गॅलरीभर बेडगी नाहीतर धणे वाळत घातलेले, त्यांच्यामधून पाय टाकत जायचं आणि चुकून एखादी मिरची चिरडली तर शिव्या खायच्या. परीक्षेला निघालेल्या प्रत्येक मुलाचे डोळे लाल असायचे. बाईंना वाटायचं, रात्रभर जागून अभ्यास केलाय.

त्याच गॅलरीत चार खोल्या सोडून नंदू राहायचा, माझ्याच वर्गात. त्याच्या आतेभावाने नवं यंत्र घेतलं म्हणून त्याचं जुनं, दुसऱ्या पिढीच्या कॅसेटसकट, नंदूकडे आलं होतं. माझा मामा बोटीवर असायचा, त्यामुळे माझ्याकडे यंत्र होतंच, शिवाय सगळ्या चाळीत एकमेव अशी जोडणीची केबल होती. दोन यंत्रं केबलने जोडली की राक्षसांची अदलाबदल करता यायची. एक द्यायचा, एक घ्यायचा. नुसतं घेता यायचं नाही, नुसतं देता यायचं नाही. केबल हातभर, त्यामुळे दोघांना जिन्याच्या वळणावर गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागे. मी एका अदलाबदलीला एक पेन्सिल सेल घ्यायचो. नवा. उन्हात तापवून जिवंत केलेला जुना सेल कोणी आणला तर मी तो जिभेला लावून बघायचो आणि परत पाठवायचो. बारा वर्षांचा मुलगा इतका हलकट असू शकतो यावर माझ्या बायकोचा विश्वास नाही. माझा आहे.

परीक्षा आली की सगळ्यांचे गेम जप्त व्हायचे. माझा आईच्या कपाटात, नंदूचा त्याच्या बाबांकडे. फरक इतकाच की माझ्या आईने तो साड्यांखाली ठेवला आणि नंदूच्या बाबांनी तो सुरू केला.

त्यांना आम्ही बाळूकाका म्हणायचो. गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. गिरणी बंद होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. नंदूची आई डबे करून द्यायची आणि काका भाज्या चिरून द्यायचे, डबे पोचवायचे आणि उरलेला दिवस गॅलरीत बसून काढायचे. अशा माणसाच्या हातात मुलाच्या परीक्षेमुळे तो गेम पडला. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण चित्रं कळत होती. त्यांनी नंदूचे अर्धवट वाढवलेले सगळे राक्षस आतल्या पेटीत टाकून दिले आणि स्वतः सहा धरले. खेळात एका वेळी सहाच बरोबर नेता येतात. त्या सहांना त्यांनी त्यांच्या खात्यातल्या, त्यांच्या पाळीच्या माणसांची नावं दिली. अक्षरं नंदू टाइप करून द्यायचा, भूमितीची प्रमेयं पाठ करता करता. दहा इंग्रजी अक्षरांची मर्यादा होती. खानविलकर बरोब्बर दहात बसला तेव्हा काकांना फार आनंद झाला होता. खानविलकर म्हणजे दगडी खेकडा. शिर्के हा चिखलातला बैल. इस्माईल निळ्या पिसांची घार.

आणि त्यांची वाढवायची पद्धत! आम्ही सगळे एकच राक्षस तगडा करायचो, बाकीचे पाच ओझ्याला. काका पाळ्या लावायचे. सकाळी तिघे, दुपारी तिघे. गवताच्या एका पट्ट्यात ते इकडून तिकडे, तिकडून इकडे तासन्‌तास चालायचे, दोन साच्यांच्या मधल्या वाटेत चालावं तसे, आणि प्रत्येकाला सारखं काम द्यायचे. कोणाची पाळी चुकवायची नाही, कोणाला बदली कामगारासारखं वाट बघत ठेवायचं नाही. सातवा चांगला राक्षस समोर आला तरी पकडायचा नाही, कारण खातं भरलेलं. परीक्षा संपेपर्यंत ते सहाही जण एकाच उंचीला आले होते. मला हे हास्यास्पद वाटायचं. मग शेवटच्या पेपराच्या दुसऱ्या दिवशी काकांनी केबल लावून सगळ्या पोरांसमोर मला हरवलं. एकदा नाही, तीनदा. माझा तगडा एकटा पडायचा आणि त्यांच्याकडे कायम पुढचा माणूस तयार असायचा. पोरं ओरडत होती. काकांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मला आजही नको आहे.

त्याच आठवड्यात मामा आला आणि त्याने तिसरी पिढी आणली. नवं यंत्र, पडदा रंगांनी भरलेला, पाण्यात सावल्या पडत होत्या. बरोबरच्या पुस्तिकेत एक गोष्ट स्पष्ट लिहिली होती आणि ती वाचता येणारा चाळीत मी एकटा होतो. पहिलीतून दुसरीत राक्षस नेता येत होते. दुसरीतून तिसरीत येत नव्हते. केबलचं तोंडच वेगळं होतं. जुन्या पिढीतला एकही जण पुढे येणार नव्हता, कधीच.

काका आणि नंदू नवं यंत्र बघायला आले. काकांनी पडदा लांब धरून, जवळ धरून पाहिला. मी म्हटलं, "काका, तुमचे सहा मला द्या. मी माझ्या जुन्या कॅसेटमध्ये घेतो आणि तिथून यात चढवतो. मग असे रंगीत दिसतील. केव्हाही येऊन बघा."

काकांनी विचारलं, "नव्या मशिनीर सगळ्यांका घेतत काय रे?"

"हो काका, सगळ्यांना."

ते हसले. "आमका पण गिरणीत असाच सांगितल्यानी." पण हसता हसता त्यांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं आणि मला कळलं, ते देणार.

सहा अदलाबदलींचे सहा नवे सेल त्यांनीच दुकानातून आणले. जिन्याच्या वळणावर आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो. खेळात सुरुवातीच्या गवतात चिमण्या मिळतात, कोणीही पाच मिनिटांत डझनभर पकडाव्यात अशा. मी सहा पकडून ठेवल्या होत्या. शिर्के माझ्याकडे आला, चिमणी तिकडे गेली. इस्माईल आला, चिमणी गेली. प्रत्येक वेळी काका नाव नीट म्हणायचे, हजेरी घेतात तसं. मला ते हवे होते म्हणून मी घेतले. त्यांनी मला हरवलं होतं म्हणूनही घेतले. आणि एक मोठा माणूस माझ्यावर इतका विश्वास ठेवतोय हे बघण्यात जी मजा होती, तीही त्यात होतीच. ती मजा मी नाकारणार नाही.

मग ते रोज येऊ लागले. चार वाजता, चहाच्या आधी. दारात उभं राहून विचारायचे, "इले काय रे?" मी म्हणायचो, "अजून नाही काका. लेव्हल वाढली की दिसतील." ते मान डोलवायचे आणि जायचे. आई आतून विचारायची, काय हवं होतं रे बाळूभावजींना? मी म्हणायचो, काही नाही, गेम. असं दोन आठवडे चाललं असेल. तेव्हाही मिरचीचा खकाणा हवेत होताच आणि त्यांचे डोळे पुसणं मी त्यावर घालायचो.

नंदूला कोणाकडून तरी खरं कळलं. तो मला मारेल असं वाटलं होतं, त्याने मारलं नाही. जिन्यात गाठून म्हणाला, "परत दे. तुझ्या चिमण्या तू घे."

मी म्हटलं, "केबल तुटली."

केबल माझ्या खिशात होती. तिचं टोक बाहेर आलेलं त्याला दिसत होतं. त्याने त्या टोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "ठीक आहे. पण बाबांना सांगू नको. त्यांना वाटतंय ते सगळे तिकडे कामाला लागणार आहेत."

त्या सहांचा मला उपयोग शून्य झाला, हेही सांगायला हवं. दुसऱ्याच्या हाताखाली वाढलेले राक्षस परक्या मालकाचं ऐकत नाहीत, असा त्या खेळाचा नियम आहे. ऐन लढाईत मी हुकूम द्यायचो आणि शिर्के डुलकी काढायचा, खानविलकर पाठ फिरवायचा. सहा जणांनी मिळून माझ्याविरुद्ध संप केला होता. मी चिडून त्यांना आतल्या पेटीत कोंडलं आणि कॅसेट खणात टाकली. त्या जूनमध्ये नंदूचं कुटुंब चाळ सोडून भाड्याने कुठेतरी लांब गेलं. पुढे आमचीही चाळ पडली, टॉवर उभा राहिला, आम्हाला त्यात बाविसाव्या मजल्यावर जागा मिळाली. सामान हलवताना प्रत्येक वेळी मी ती कॅसेट आठवणीने बरोबर घेतली. का, ते विचारू नका. परत द्यायला नक्कीच नाही. चोराला चोरलेली वस्तू सांभाळायची सवय लागते, इतकंच.

यंदा हा प्रश्न ग्रुपवरून आला नाही, घरातून आला. माझी मुलगी इरा, पाचवीत. तिचा शेवटचा पेपर झाला आणि दप्तर न काढताच तिने विचारलं, "बाबा, तू सगळ्यांना दुसरी सांगतोस. तुझी दुसरी कुठेय?" मी बढाई मारली. म्हटलं, आहे माझ्याकडे, आणि त्यात असे सहा राक्षस आहेत की कुठल्या पिढीत कोणाकडे नसतील. मग त्यांची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं तिला मजा वाटेल. चिमण्यांचा भाग मी रंगवून सांगितला. इरा हसली नाही. म्हणाली, "मग ते काकांचे आहेत ना? परत दे."

मुलांसमोर चांगलं दिसायची हौस मोठी वाईट. शाळेच्या ग्रुपवर नंदूचा नंबर होता, तो मी तिच्यासमोरच फिरवला. नंदू म्हणाला, "लॉटरीत बाबांना घर लागलं ना, गिरणी कामगारांचं. परळलाच आहोत, आठ वर्षं झाली." माझ्या ऑफिसपासून ते घर दहा मिनिटांवर निघालं. त्या जागेवर कोणे एके काळी कुठली गिरणी होती हे मी रोज जेवायला बाहेर पडताना सहकाऱ्यांना सांगतो. माझ्याकडे काय आहे ते मी सांगितलं. नंदू म्हणाला, "रविवारी ये. बाबांना काचबिंदू झालाय, दिसत काही नाही आता. पण ये."

फोन ठेवून मी खण उघडला. सेल घातले, कॅसेट बसवली, बटण दाबलं. मागचा खेळ शिल्लक असेल तर या खेळात पहिली ओळ येते, पुढे सुरू. ती ओळ आली नाही. एकच ओळ आली, नवा खेळ. मला लगेच कळलं. कॅसेटच्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी असते, सगळं तिच्या जिवावर टिकतं. दुसऱ्या पिढीत ती सर्वांत आधी मरते, कारण ते घड्याळ तिच्यावर चालतं. ज्या घड्याळाचं मी वर्षानुवर्षं कौतुक केलं, त्याने अंधाऱ्या खणात एक-एक मिनिट करून त्या सहांना खाल्लं होतं. मी कॅसेट एकदाही लावून बघितली नव्हती. फार वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, त्यातलं निम्मं रविवारचं वाटत होतं.

नंदूला फोन करून सांगता आलं असतं. इरानेही तेच सुचवलं. मी केला नाही. म्हटलं, काकांना कुठे दिसतंय.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. चौदावा मजला, छोटी पण हवेशीर खोली. काका पलंगावर बसले होते, वाळून गेलेले, तोंड खिडकीकडे. मी नाव सांगितलं. त्यांनी हात पुढे केला, तो माझ्या हाताऐवजी यंत्राला लागला, तर त्यांनी तेच धरलं. बटणांवरून अंगठे फिरवले. नंदू माझ्या मागे येऊन उभा राहिला. पडद्यावर काय आहे ते त्याला दिसत होतं.

"वाच बघू," काका म्हणाले.

मी यंत्र हातात घेतलं आणि नव्या खेळाच्या त्या एका ओळीवर नजर ठेवून म्हणालो, "शिर्के."

"शिर्के गेलो. दोन वर्सां झाली."

"बबन."

"बबन गावाक आसा. पोरगो बघता त्याका."

"खानविलकर." खानविलकर हॉस्पिटलात गेला होता, मग त्याची बायकोही गेली. "इस्माईल." इस्माईल खंय गेलो कोणाक म्हायत नाय, असं ते म्हणाले. "गणू." गणूला दारूने नेलं. प्रत्येक नावाला काका थोडे ताठ बसत होते. त्यांनी एक-एक बोट मिटलं होतं, पाच मिटली होती, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा ते वर धरून थांबले.

सहावं नाव मला आठवेना. मी पडदा बघितला, जणू तिथे असणार होतं. इरा माझ्याकडे बघत होती. लालबागमध्ये कुठल्याही चाळीत, कुठल्याही खात्यात सापडेल असं पहिलं आडनाव जे तोंडात आलं ते मी म्हटलं. "सावंत."

काकांचा अंगठा तसाच राहिला. कपाळाला आठी पडली. मला वाटलं, संपलं. मग आठी हळूहळू गेली. "सावंत... होतो, होतो. डावरो. माझ्या बाजूच्याच साच्यार. डाव्या हातान धागो जोडी, सगळे बघीत रवायचे." आणि ते सांगत राहिले. सावंतच्या डब्यात रोज सुकी मासळी असायची. सावंतला पाळी संपल्यावर शीळ घालायची सवय होती. सावंतने एकदा जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, टोपीत सुतळीचा गुंता भरून ठेवला होता. काका हसत होते, दम लागेपर्यंत. मग त्यांनी अंगठा मिटला. "बरा झाला," ते म्हणाले. "सगळे आसत."

नंदू आम्हाला लिफ्टपर्यंत सोडायला आला. लिफ्ट यायला वेळ लागत होता. तो हळूच म्हणाला, "सावंत नव्हता रे."

"मग कोण होता?"

"मीच टाइप केलं होतं. थांब हं." तो कपाळावर बोटं ठेवून उभा राहिला. लिफ्ट आली, दार उघडलं, बंद व्हायला लागलं, इराने हात घालून ते अडवलं. नंदूने मान हलवली. "नाही येत."

खाली उतरताना इराने मला विचारलं, आता सहावा कोणाला माहीत असेल? मी म्हटलं, काकांना. खरं नाव एकट्या काकांकडे उरलं होतं, आणि त्याच्या जागेवर मी नुकताच सावंतला बसवून आलो होतो.